खबर, खात्री आणि भरवसा: गडचिरोलीने गुप्तचर यंत्रणेबद्दल काय शिकवले?

15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीत माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्र खाली ठेवले. सोबत त्याचे साठ सहकारी होते. त्याच वर्षी 1 जानेवारीला त्याची पत्नी विमला सिडाम ऊर्फ तारक्का हिनेही गडचिरोलीतच आत्मसमर्पण केले होते. एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारच्या सर्वाधिक नक्षलप्रभावित सहा जिल्ह्यांत गडचिरोलीचे नाव होते. ऑक्टोबरमध्ये ती यादी तीन जिल्ह्यांवर आली आणि त्यात गडचिरोली नव्हते.

टीव्हीवर त्या दिवशी बंदुका दिसल्या, हार-तुरे दिसले, भाषणे झाली. एक गोष्ट मात्र पडद्यावर दिसत नाही, ती म्हणजे खबर. कोण कुठे आहे, कुणाला आजार झाला आहे, कोण दलमला कंटाळला आहे, कुणाला घरी परतायचे आहे, ही माहिती आधी कुणीतरी आणली, कुणीतरी तपासली आणि योग्य टेबलावर पोहोचवली. त्यानंतर बंदूक खाली आली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाने चाळीस-पंचेचाळीस वर्षांत गुप्तवार्तेची ताकदही पाहिली, तिची चूकही पाहिली आणि तिची किंमत कोण मोजतो तेही पाहिले. आपल्या समाजाचा या यंत्रणांशी संबंध वेगळ्या वाटेने आला, पण प्रश्न तेच आहेत. म्हणून या विषयाकडे भीती आणि भक्ती दोन्ही बाजूला ठेवून पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

कोणाचे काम काय?

आपल्याकडे साध्या वेशातला कुणीही सरकारी माणूस चौकशीला आला की "सीआयडीवाले आले" असे म्हणतात. प्रत्यक्षात खाती वेगवेगळी आहेत. देशाच्या आतली माहिती गोळा करते इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी. तिची मुळे 1887 च्या इंग्रजी अमलात आहेत. देशाबाहेरचे काम 'रॉ'कडे. 1962 च्या चीन युद्धात आणि 1965 च्या पाकिस्तान युद्धात माहिती कमी पडल्याचा अनुभव आल्यावर 21 सप्टेंबर 1968 रोजी ती वेगळी काढली गेली. राज्याचा स्वतःचा राज्य गुप्तवार्ता विभाग आहे. जिल्ह्यात विशेष शाखा असते आणि ठाण्यात गोपनीय शाखेचा हवालदार. जलसा असो, मोर्चा असो की पासपोर्टची चौकशी, आपल्या मोहल्ल्यात येतो तो बहुधा यांच्यापैकीच कुणीतरी.

एनआयए आणि एटीएस यांचे काम थोडे निराळे. या तपास यंत्रणा आहेत. त्या अटक करतात, आरोपपत्र ठेवतात, कोर्टात उभ्या राहतात. आयबीला अटकेचा अधिकार नाही. ती फक्त सांगते. सांगणारा वेगळा आणि सिद्ध करणारा वेगळा, ही विभागणी नीट लक्षात ठेवायला हवी. पुढे जे काही बिघडते ते बहुतेक वेळा ही रेघ पुसली गेल्यामुळेच बिघडते.

जंगलात खबर कशी चालते

नक्षलवादी 1980 च्या सुमारास गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंचाच्या बाजूने आत आले, तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हाही नव्हता. चंद्रपूरचे विभाजन होऊन तो 26 ऑगस्ट 1982 रोजी झाला. त्या काळी एटापल्ली, भामरागडच्या माडिया गावात सरकारचा चेहरा म्हणजे जंगलखात्याचा गार्ड, तेंदूपत्त्याचा ठेकेदार आणि कधीतरी येणारा पोलीस. तिघांबद्दलही गावाचा अनुभव कडूच. तेंदूपत्त्याच्या पुड्याला भाव वाढवून द्या म्हणून दलमने ठेकेदाराला दम दिला, तर गाव कोणाचे ऐकणार? अशा ठिकाणी पोलिसाला रस्ता कोण सांगेल?

शिवाय भाषेचा प्रश्न होताच. पुण्या-साताऱ्याकडून बदलीवर आलेल्या अंमलदाराला माडिया येत नाही, गोंडी येत नाही. समोरचा म्हातारा काय सांगतो आहे हे कळत नसेल, तर खबर मिळून उपयोग काय? 1990 मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे विशेष पथक उभे केले. तेच आजचे सी-60. यात मुख्यतः याच भागातली मुले घेतली गेली. त्यांना पायवाटा ठाऊक, बोली ठाऊक, कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते ठाऊक. सी-60 ची खरी ताकद आमच्या मते बंदुकीच्या आधी इथे आहे.

तरीही 2009 हे वर्ष काळे गेले. 1 फेब्रुवारीला मरकेगावला 15 पोलीस शहीद झाले. 21 मे रोजी हत्तीगोट्याला 16, त्यात पाच महिला पोलीस. 8 ऑक्टोबरला, विधानसभा निवडणुकीच्या पाच दिवस आधी, लाहेरीजवळ 17. एका वर्षात, एकाच जिल्ह्यात, तीन वेळा शेकड्याच्या संख्येने माणसे जंगलात जमली, दबा धरून बसली आणि पोलिसांना वेळेवर कळले नाही. आसपासच्या गावांपैकी कुणालाच काही दिसले नसेल का? दिसले असेल, पण सांगण्याची सोय नव्हती, धीर नव्हता आणि सांगावे असे नातेही नव्हते.

पुढच्या काळात चित्र हळूहळू बदलले. पोलीस मदत केंद्रे आणखी आत गेली. वांगेतुरी, गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे ही नावे गेल्या दोन-तीन वर्षांतली. 'दादालोरा खिडकी' या उपक्रमातून जातीचा दाखला, आधार कार्ड, सरकारी योजनेचा अर्ज अशी कामे पोलीस ठाण्यातच होऊ लागली. वाचनालये उघडली. 1 जानेवारी 2025 रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. बसला आणि गुप्तवार्तेला काय संबंध, असे कुणी विचारेल. संबंध आहे. ज्या माणसाचा दाखला पोलिसाने काढून दिला, ज्याची बाळंतीण बायको वेळेत दवाखान्यात पोहोचली, तो माणूस एखाद्या दिवशी आपणहून चार शब्द बोलतो. धाकाने मिळवलेली खबर आणि भरवशाने मिळालेली खबर यांत मोठा फरक आहे. धाकाने माणूस तुम्हाला ऐकायचे आहे ते सांगतो. भरवशाने तो त्याने पाहिलेले सांगतो.

राज्याची आत्मसमर्पण योजना 2005 पासून चालू आहे आणि गडचिरोलीत आजवर सातशेहून अधिक जणांनी शस्त्र सोडले. यातला प्रत्येक जण माहितीचा साठा घेऊन बाहेर येतो. त्याला नांगर, घर, नोकरी मिळाली आणि तो नीट जगताना दिसला, तर आतल्या दहा जणांपर्यंत निरोप जातो. नुसत्या चकमकींनी हे साधले नसते.

किंमत कोण मोजतो?

आता दुसरी बाजू. पोलिसांच्या नोंदीनुसार गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या हातून दोनशेहून अधिक पोलीस आणि पाचशेहून अधिक सामान्य नागरिक मारले गेले. हे नागरिक कोण? बहुतेक आदिवासी. पाटील, सरपंच, शिक्षक, गुराखी, शेतमजूर. आणि प्रेताजवळ सापडणाऱ्या चिठ्ठीत वारंवार एकच आरोप: पोलिसांचा खबऱ्या.

22 एप्रिल 2018 रोजी भामरागड तालुक्यात इंद्रावतीच्या काठी बोरिया-कसनासूर येथे मोठी चकमक झाली. ती आणि लगेच पुढची राजाराम खांदला भागातली, अशा दोन्ही मिळून चाळीस जण मारले गेले. पोलिसांच्या दृष्टीने अचूक माहितीवर केलेली ही कारवाई होती. नऊ महिन्यांनी, जानेवारी 2019 मध्ये, कसनासूरच्या तीन गावकऱ्यांचे मृतदेह कोसफुंडी फाट्याजवळ पडले होते. चाळीस जणांच्या मृत्यूला हेच जबाबदार, असे नक्षलवाद्यांनी फलकावर लिहून ठेवले होते. त्यांनी खबर दिली होती की नाही, हे विचारण्याची सोय तिथे नव्हती. ना वकील, ना साक्ष, ना अपील. संशय हाच पुरावा आणि तोच निकाल.

त्याच चकमकीनंतर एटापल्ली तालुक्यातल्या गट्टेपल्ली गावच्या काही आईबापांनी सांगितले की आमची मुले नक्षलवादी नव्हती, लग्नाला म्हणून घरून निघाली होती. पोलिसांचे म्हणणे, ती दलममध्ये नव्याने भरती झालेली होती. आम्ही इथे न्यायाधीश होऊन बसत नाही. एवढेच म्हणतो, की खबर बरोबर असली तरी तिच्या आधारे गोळी कुणाला लागली हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर ज्या खात्याने कारवाई केली त्याच्यापेक्षा वेगळ्या, स्वतंत्र माणसाने द्यायला हवे. उत्तर मिळाले नाही तर पुढच्या वेळी ते गाव गप्प बसते.

इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडमध्ये सलवा जुडूमच्या नावाने गावच्याच पोरांना विशेष पोलीस अधिकारी करून बंदुका दिल्या गेल्या. 5 जुलै 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. माहिती देणारा सामान्य माणूस लढाईत ढाल म्हणून वापरला जाऊ नये, हा त्या निकालाचा आम्हाला समजलेला अर्थ.

आणि खबर हाती असून शिस्त सुटली तर काय होते, ते 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यात दिसले. आदल्या मध्यरात्रीनंतर दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली गेली. ते पाहायला शीघ्र कृती पथक खासगी वाहनातून निघाले आणि जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला. 15 जवान आणि गाडीचा चालक, असे 16 जीव गेले. जाळपोळ हे आमिष होते. आमिष टाकून पोलिसांना रस्त्यावर ओढायचे ही नक्षलवाद्यांची जुनी चाल, ती पोलिसांना ठाऊक होती आणि रस्ता तपासल्याशिवाय वाहनाने जायचे नाही हा नियमही होता. माहिती होती, ती वागण्यात उतरली नाही. महाराष्ट्र दिनी महाराष्ट्राने ही किंमत मोजली.

मुंबईवरच्या 26/11 हल्ल्याचेही असेच. 166 माणसे गेली. राम प्रधान समितीने नंतर पाहिले तेव्हा समुद्रमार्गे हल्ल्याचे इशारे आधी आलेले होते, पण ते एकत्र जुळवून कुणी अर्थ लावला नव्हता. कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेले आणि तिथेच राहिले. एनआयए त्या हल्ल्यानंतरच उभी राहिली.

संशय म्हणजे पुरावा नव्हे

आता आपल्या घरापर्यंत येऊ. गुप्तचर खात्याचे काम संशय घेणे हेच आहे. त्याला दोष देता येत नाही. पहाऱ्यावरचा माणूस प्रत्येक सावलीकडे पाहणारच. पण सावली दिसली म्हणून माणसाला फाशी देत नाहीत. संशयापासून शिक्षेपर्यंत जाण्याच्या वाटेवर तपास, साक्ष, उलटतपासणी आणि न्यायालय असे टप्पे आहेत. हे टप्पे गाळले की दोन नुकसाने होतात. निरपराध आत जातो आणि खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो.

8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मालेगावला कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. मेले ते आपले, आणि पकडले गेलेले नऊ जणही आपलेच. 2011 मध्ये जामीन मिळाला, एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. दहा वर्षे गेली. त्याच वर्षी 11 जुलैला मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट होऊन 180 हून अधिक प्रवासी मेले होते. त्या खटल्यातल्या सर्व 12 आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष सोडले. पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब एरवी पुरावा होत नाही, पण मकोकाखाली होतो. उच्च न्यायालयाने हेच कबुलीजबाब विश्वासार्ह मानले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांनी हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही. एकोणीस वर्षांनी, लोकलमध्ये मेलेल्यांच्या घरच्यांना विचारा: गुन्हेगार कोण? त्यांच्या हातात आज उत्तर नाही. इन्साफ त्यांचाही राहून गेला.

हे फक्त मुसलमानांच्या बाबतीत होते असे समजू नका. प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना 7 मार्च 2017 रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने दोषी ठरवले. 5 मार्च 2024 रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्वांना निर्दोष सोडले. तोवर त्यांच्यातला गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे ऑगस्ट 2022 मध्ये कैदेत असतानाच मरण पावला होता. साईबाबाही सुटकेनंतर सात महिन्यांत गेले. गडचिरोलीच्या गावातला आदिवासी आणि मालेगावच्या गल्लीतला यंत्रमाग कामगार एकमेकांना ओळखत नसतील, पण रात्री दारावर थाप पडली की दोघांच्या छातीत सारखेच धस्स होते.

कायदा काय म्हणतो, आणि काय म्हणत नाही

आश्चर्य वाटेल, पण आयबी किंवा रॉ यांच्या स्थापनेसाठी आणि अधिकारांसाठी संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. 2011 मध्ये खासदार मनीष तिवारी यांनी यासाठी खासगी विधेयक मांडले होते, ते मंजूर झाले नाही. ब्रिटनमध्ये 1989 आणि 1994 च्या कायद्यांनी गुप्तचर संस्थांना चौकट दिली आणि संसद सदस्यांची समिती त्यांच्यावर लक्ष ठेवते. त्यामुळे तिथली गुपिते काही चव्हाट्यावर आली नाहीत.

आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 24 ने या संस्थांना वगळले आहे. पण त्याच कलमात एक खिडकी उघडी ठेवली आहे: भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन याबद्दलच्या आरोपांची माहिती मागता येते. आपल्यातल्या वकिलांनी आणि कार्यकर्त्यांनी हे कलम नीट वाचावे.

जुलै 2025 मध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. सरकारचे म्हणणे, जंगलातला नक्षलवाद संपत आला, आता शहरांतल्या त्याच्या संघटना हे लक्ष्य आहे. विरोधकांचे म्हणणे, 'बेकायदेशीर कृत्य' याची व्याख्या इतकी सैल आहे की साध्या आंदोलनालाही लागू होईल. आमचा मुद्दा असा, की गडचिरोलीत जे काही साधले ते सैल व्याख्यांनी साधलेले नाही. अचूक माहिती, तिची तपासणी आणि गावाशी जोडलेले नाते यांनी ते साधले. जाळे मोठे करून खबर सुधारत नाही. उलट कचरा जास्त अडकतो आणि हवा तो मासा निसटतो.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट शहानिशेची. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खात्री करून घेण्याची ताकीद आहे, आणि त्याच सूरहमध्ये वाईट गुमान आणि दुसऱ्याच्या घरात डोकावणे यांपासून दूर राहायलाही सांगितले आहे. यंत्रणेकडून हीच अपेक्षा करणारे आपण स्वतः मात्र व्हॉट्सॲपवर आलेले काहीही पुढे ढकलतो. अफवा ही पण खोटी खबरच. तिनेही माणसे मरतात.

दुसरी गोष्ट वागण्याची. गोपनीय शाखेचा हवालदार चौकशीला आला तर घाबरून दार लावून घेऊ नका आणि उगाच वादही घालू नका. ओळखपत्र पाहा, खरे ते सांगा, जे माहीत नाही ते अंदाजाने सांगू नका. कोऱ्या कागदावर सही करू नका. ठाण्यात बोलावले तर घरच्या माणसाला आणि वकिलाला कळवून जा. आणि खरोखर धोका दिसला, कुणी पोरांना भलत्या वाटेला लावत असेल, तर गप्प बसणे ही हुशारी नाही. मेलेला प्रवासी कोणत्या धर्माचा हे बॉम्ब विचारत नाही. मालेगावने ते पाहिले आहे.

तिसरी गोष्ट आम्ही शिक्षक म्हणून सांगतो. जुलै 2025 मध्ये आयबीने सिक्युरिटी असिस्टंट पदाच्या 4,987 जागा काढल्या. पात्रता दहावी पास आणि स्थानिक भाषेचे ज्ञान. पदवीधरांसाठी वेगळ्या 3,717 जागा होत्या. किती घरांत ही जाहिरात वाचली गेली? चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, आलापल्ली, सिरोंचा इथली आपली मुले मराठी बोलतात, उर्दू वाचतात, कित्येकांना बाजारात ऐकून तेलुगू किंवा गोंडी येते. भद्रावतीची ऑर्डनन्स फॅक्टरी, वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र असलेल्या या भागात अशा मुलांची गरज आहे. सी-60 ला माडिया मुलांनी बदलले. ज्या खोलीत बसून आपल्याबद्दल अहवाल लिहिला जातो, त्या खोलीत आपल्याला ओळखणारा कुणी असेल तर अहवालही जास्त खरा होईल, आणि देशाचाच फायदा होईल. पुढची जाहिरात निघेल तेव्हा फॉर्म भरा. गणित आणि सामान्य ज्ञानाची तयारी आजपासून करा. चारित्र्य पडताळणीत अडकेल असा फालतू गुन्हा, मारामारी, सोशल मीडियावरची शेरेबाजी यांपासून पोरांना आत्ताच लांब ठेवा.

गडचिरोलीत बंदुका खाली येत आहेत, ही आनंदाची बाब आहे. पण कसनासूरच्या त्या तीन घरांत, गट्टेपल्लीत आणि जांभूळखेड्याला गेलेल्या जवानांच्या घरांत अजून बरेच प्रश्न तसेच पडून आहेत. शांतता टिकवायची तर सरकारला तिथे पुन्हा जावे लागेल. या वेळी खबर काढायला जाऊ नये, त्यांची बाजू ऐकून घ्यायला जावे.